मल्टिव्हर्स वाचायचं कुठून, पाहायचं कसं? (फोंड्याच्या वाचनगटासाठी)

फोंडा_वाचनगट

नमस्कार मंडळी. या पावसाळ्यात फोंड्यात सुपरहिरो कॉमिक्सचं सामूहिक वाचन ठेवतो आहोत. रविवारी दोन-दोन तास, आणि चवथीची गडबड सुरू व्हायच्या आत संपवायचं, म्हणजे फार तर सहा बैठका मिळतील. येणारी मुलं बारावी ते पदवीची. चित्रपट जवळपास सगळ्यांनी पाहिलेत, मूळ कॉमिक्स वाचलेली मोजकीच. विषय त्यांनीच निवडला: मल्टिव्हर्स, म्हणजे एकाच वेळी असलेली अनेक समांतर विश्वं.

नेटवरच्या वाचनयाद्या साठ-सत्तर पुस्तकांच्या असतात, त्या आम्हाला झेपणार नाहीत. सुरुवात कुठून करावी, कुठलं कॉमिक कुठल्या चित्रपटाच्या जोडीने घ्यावं आणि काय बिनधास्त सोडून द्यावं, हे जाणकारांनी सांगावं. पुस्तकं गटाच्या सामाईक कपाटात राहतील.

चौकटीबाहेर

एकाच अंकाने सुरुवात करा: 'द फ्लॅश' (वाऱ्याच्या वेगाने धावणारा, डीसी कंपनीचा सुपरहिरो), अंक १२३, सप्टेंबर १९६१. कथेचं नाव 'फ्लॅश ऑफ टू वर्ल्ड्स'. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रं कार्माइन इन्फँटिनो, संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ. एका बैठकीत मोठ्याने वाचून होते आणि वर चर्चेला वेळ उरतो.

आधी मुखपृष्ठ नीट पाहायला लावा. मधोमध विटांची भिंत आहे. एका माणसाच्या अंगावर लोखंडी तुळई कोसळतेय आणि तो मदतीसाठी ओरडतोय. भिंतीच्या एका बाजूने एक फ्लॅश धावत येतोय, दुसऱ्या बाजूने दुसरा. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. आतलं एकही पान न उलटता मुलांना विचारा, इथे काय घडतंय. बरंचसं त्यांचं तेच सांगतील.

मागची पार्श्वभूमी त्यांना द्यावी लागेल. जुना फ्लॅश म्हणजे जे गॅरिक, १९४० चा. युद्धानंतर सुपरहिरोंची लाट ओसरली, त्याची मालिका बंद पडली. १९५६ मध्ये 'शोकेस'च्या चौथ्या अंकात डीसीने नाव तेच ठेवून माणूस नवा आणला, बॅरी ॲलन. त्या पहिल्याच कथेत बॅरी जे गॅरिकचं कॉमिक वाचताना दिसतो. म्हणजे बॅरीच्या जगात जे हे पुस्तकातलं पात्र. मग १९६१ मध्ये दोघांची गाठ घालायची कशी? फॉक्सने तोडगा काढला तो असा: दोन्ही पृथ्व्या एकाच जागी आहेत, फक्त त्यांची कंपनं वेगळी. मुलांच्या एका कार्यक्रमात दोरीचा प्रयोग करून दाखवताना बॅरीचं शरीर इतकं वेगाने थरथरतं की तो पलीकडच्या जगात पोचतो. आणि बॅरीच्या जगात जेचं कॉमिक आलं कुठून? तिथल्या लेखकाला स्वप्नांत ते दुसरं जग दिसायचं. तो लेखक म्हणजे खुद्द गार्डनर फॉक्स.

ही युक्ती नीट समजली की पुढचं सगळं समजतं. कॉमिक्समधलं मल्टिव्हर्स विज्ञानातून आलेलं नाही, ते संपादकाच्या टेबलावर दुरुस्तीचं हत्यार म्हणून तयार झालं. जुन्या वाचकाची गोष्ट खोटी न ठरवता नव्या वाचकाला नवी गोष्ट द्यायची होती. पुढे दर नव्या अडचणीला नवी पृथ्वी निघाली. १९६४ मध्ये अर्थ-३ (अर्थ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी) आली, तिथे ओळखीचे नायक खलनायक आहेत. १९७३ मध्ये अर्थ-एक्स आली, जिथे महायुद्ध नाझींनी जिंकलं, आणि तिथे क्वालिटी कंपनीकडून आलेली पात्रं बसवली. फॉसेट या प्रकाशकाच्या कॅप्टन मार्व्हलसाठी (मार्व्हल कंपनीचा नव्हे) अर्थ-एस. डीसीने दुसऱ्या प्रकाशकाची पात्रं घेतली की त्यांना राहायला एक पृथ्वी मिळायची.

मांडवी_१६१०

चौकटीबाहेर यांच्याशी सहमत. मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या कंपनीची बाजू थोडी वेगळी आहे, तेवढी जोडतो.

मार्व्हलमध्ये दरवाजा आधी 'काय झालं असतं तर' या प्रश्नाने उघडला. 'व्हॉट इफ'चा पहिला अंक फेब्रुवारी १९७७ चा: स्पायडरमॅन फँटॅस्टिक फोरमध्ये गेला असता तर? या कथा एकेका अंकाच्या, शेवट बहुतेक वेळा दुःखाचा, आणि त्याने मूळ मालिकेत काहीच बदलत नाही. मूळ जगाला जो क्रमांक आज सगळे सांगतात, ६१६, तो ब्रिटनमधल्या मार्व्हलच्या कॅप्टन ब्रिटन कथांमधून १९८३ मध्ये आला. छापील कॉमिक्समध्ये चित्रपटांच्या जगाला १९९९९९ हा वेगळा क्रमांक दिलेला आहे. 'डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' (२०२२) मध्ये मात्र चित्रपटांनी स्वतःलाच ६१६ म्हणवून घेतलं. मुलं यावरून वाद घालतील. घालू द्या, पण दहा मिनिटांपलीकडे नको. क्रमांकांत गुंतलं की कथा हातची जाते.

त्याऐवजी त्यांना एक सवय लावा. कुठलीही मल्टिव्हर्स कथा घेतली की तपासायचं: भूतकाळ बदलला तर त्याच जगाचं भविष्य बदलतं, की नवी फांदी फुटते? दुसऱ्या जगात माणूस देहाने जातो, की फक्त त्याचं भान जातं? तिथे राहिल्याची किंमत काय? आणि शेवटी कोणाच्या आठवणीत काय उरतं? या चार प्रश्नांवर बहुतेक कथा उभ्या राहतात किंवा कोसळतात.

उदाहरण म्हणून 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' घ्या. 'अनकॅनी एक्स-मेन' १४१ आणि १४२, साल १९८१, क्लेअरमाँट आणि बर्न. दोनच अंक. भविष्यातल्या केट प्राइडचं भान तिच्या १९८० मधल्या कोवळ्या देहात येतं. एक हत्या टाळायची आहे, ती टळते. पण भविष्य खरंच टळलं का, हे कथा उघड सांगत नाही. पुढे मार्व्हलने ते भविष्य अर्थ-८११ म्हणून वेगळं काढलं, म्हणजे तिथल्या माणसांची सुटका झालीच नाही. २०१४ च्या चित्रपटात केटच्या जागी वूल्व्हरिन १९७३ मध्ये जातो, भूतकाळ बदलतो आणि त्याच जगाचं भविष्य पुसून नवं होतं. शेवटी तो जागा होतो तेव्हा मेलेली माणसं शाळेच्या व्हरांड्यातून चालताहेत. गोष्ट तीच, नियम उलटा, त्यामुळे परिणामही उलटा. दोन अंक, एक चित्रपट, एक बैठक. याहून सोयीची जोडी मिळणार नाही.

तिसवाडी

प्रश्न थोडा वेगळा आहे. कॉमिक्समध्ये जे इतकं रंगतं तेच पडद्यावर अलीकडे कंटाळवाणं का वाटतं? एकामागून एक चित्रपट मल्टिव्हर्सचे आले आणि प्रत्येकात टाळ्या फक्त जुना नट दिसला की पडतात. 'अवतारी' पात्र आलं, तोंड दाखवलं, गेलं.

चौकटीबाहेर

तिसवाडी, याचं उत्तर 'द फ्लॅश' (२०२३) मध्येच सापडतं, कारण त्या एका चित्रपटात उत्तम आणि वाईट दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

मूळ कॉमिक 'फ्लॅशपॉइंट', २०११, पाच अंक, जेफ जॉन्स आणि अँडी क्यूबर्ट. बॅरी जागा होतो तर आई जिवंत आहे आणि अंगातला वेग गेलाय. त्या जगात ब्रूस वेन, म्हणजे नेहमीचा बॅटमॅन, लहानपणीच मारला गेला आणि बॅटमॅन झालाय त्याचा बाप थॉमस. ॲटलांटिस आणि ॲमेझॉन यांच्या युद्धात अर्ध युरोप उद्ध्वस्त झालेलं. वाचक समजतो हे खलनायकाचं काम. शेवटाकडे कळतं की आईला वाचवायला भूतकाळ बदलला तो बॅरीनेच. जग परत जुळवायचं तर आईला मरू द्यावं लागणार. थॉमस मुलासाठी एक पत्र देतो, बॅरी ते ब्रूसला नेऊन देतो, ब्रूस वाचून रडतो. इतका सगळा विश्वसंहार शेवटी एका पत्रावर येऊन थांबतो.

चित्रपटाने याचा गाभा टोमॅटोच्या डब्यात आणला, आणि ते काम सुंदर आहे. आई टोमॅटोचा डबा आणायला विसरते, वडील तो आणायला दुकानात जातात, त्या वेळात तिचा खून होतो. बॅरी मागे जाऊन फक्त एक डबा तिच्या सामानात टाकतो. शेवटी तोच डबा त्याला परत काढावा लागतो, आईच्या समोर उभं राहून, तिला आपण कोण हे न सांगता. पडद्यावर एवढंच: एक बाई, एक गाडा, एक डबा. बजेटशी त्याचा काही संबंध नाही.

त्याच चित्रपटात कोसळणाऱ्या जगांचे गोल एकमेकांवर आदळतात आणि त्यांत संगणकाने उभे केलेले, पूर्वी सुपरमॅन झालेले दिवंगत नट दिसतात, ख्रिस्तोफर रीव्ह, जॉर्ज रीव्ह्ज. बॅरीचं त्यांच्याशी काही नातं नाही, त्यांच्या असण्या-नसण्याने त्याचा निर्णय बदलत नाही. म्हणून ते दृश्य कोरडं जातं. कॉमिकमधलं थॉमसचं पत्र आणि हे गोल ही तुलना मुलांसमोर मांडा.

मांडवी_१६१०

त्यात एक व्यावहारिक कारणही आहे. छापील कॉमिकमध्ये नवी पृथ्वी काढायला चित्रकाराची शाई लागते. पडद्यावर पात्रांचे हक्क वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते: स्पायडरमॅन सोनीकडे, एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर फॉक्स या स्टुडिओकडे. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा व्यवहार पूर्ण केला आणि ती दारं उघडली. 'डेडपूल अँड वूल्व्हरिन' (२०२४) मधलं 'व्हॉइड' म्हणजे जुन्या, बंद पडलेल्या चित्रपटमालिकांतल्या पात्रांचं वसतिस्थान आहे. डीसीने १९७३ मध्ये पृथ्व्या काढल्या त्या जशा विकत वा भाड्याने घेतलेल्या पात्रांसाठी, तसाच हा प्रकार. फरक असा की कॉमिक्सकडे ती पात्रं वर्षानुवर्षं फुलवायला दर महिन्याचे अंक होते, चित्रपटाकडे सव्वादोन तास.

'स्पायडरमॅन: नो वे होम' (२०२१) जुने नट आणूनही टिकतो. कारण चौथा प्रश्न, आठवण. पीटर हाच स्पायडरमॅन हे जगाने विसरावं म्हणून स्ट्रेंज मंत्र घालत असताना पीटर मधे मधे बोलून अपवाद वाढवत जातो: एमजेला आठवू दे, नेडला आठवू दे, मे काकूला आठवू दे. मंत्र तिथे बिघडतो. शेवटी दुरुस्तीला परत विसरण्याचाच मंत्र, यावेळी सगळ्यांनी पीटरलाच विसरायचं, एकही अपवाद नाही. दरवाजा ज्या चुकीने उघडला तीच चूक परत फेडून तो बंद होतो. पटकथा शिकणाऱ्या मुलांनी पहिला आणि शेवटचा मंत्र ओळीने पाहावा.

रेखाटनकार

'स्पायडरमॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) साठी एक अख्खी बैठक ठेवा. त्यात वेगळं जग म्हणजे वेगळी चित्रशैली, आणि हे फक्त ॲनिमेशनच करू शकतं.

मुलांना नेमकं काय दाखवायचं ते सांगतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो. नायक माइल्स, म्हणजे नवशिका स्पायडरमॅन, याची हालचाल सुरुवातीला 'दोनावर' केली आहे, म्हणजे एक पवित्रा दोन चौकटी धरून ठेवलाय, सेकंदाला १२ पवित्रे. बर्फाळ जंगलात तो आणि पीटर जाळ्यावरून झुलत पळतात त्या प्रसंगात पीटर 'एकावर' आहे, सेकंदाला २४. एकाच चौकटीत एक अडखळतोय आणि दुसरा सफाईदार आहे, आणि हे संवादात कुठेही सांगितलेलं नाही. माइल्सला आपली शक्ती पेलू लागली की तोही 'एकावर' येतो. घरी प्रसंग थांबवून, एकेक चौकट पुढे सरकवत पाहिला तर स्पष्ट दिसतं.

दुसरं, पार्श्वभूमी धूसर करायची असते तिथे नेहमीची लेन्सची धूसरता फारशी नाही. रंगांचे थर किंचित सरकवलेत, जुन्या स्वस्त छपाईत लाल आणि निळा ठसा नीट न जुळल्यावर दिसायचं तसे. सावल्यांत ठिपक्यांची जाळी आहे. जुना छापील अंक आणि हे दृश्य शेजारी ठेवा.

कॉमिकशी जोड हवी तर 'स्पायडर-व्हर्स' २०१४-१५, लेखक डॅन स्लॉट, मुख्य कथा 'अमेझिंग स्पायडरमॅन' ९ ते १५. जोडअंक खूप आहेत, सगळे सोडा. फक्त 'एज ऑफ स्पायडर-व्हर्स' अंक २ घ्या, ग्वेन स्पायडर-वुमन म्हणून पहिल्यांदा येते तो. कॉमिकमधला खलनायक मॉर्लन आणि त्याचं कुटुंब कोळ्यांची शिकार करून खातं, एवढाच त्यांचा हेतू. चित्रपटाने ते टाकून किंगपिनला बायको-मुलगा गमावलेला माणूस केला. त्याला दुसऱ्या जगातून तेच दोघे परत आणायचेत. 'फ्लॅशपॉइंट'मधल्या बॅरीचा हट्टही तोच, फक्त इथे तो खलनायकाकडे आहे.

पेडण्याचा_सूत्रधार

२०२३ चा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' विसरू नका, त्यात आपल्याकडच्या मुलांना धरायला जास्त जागा आहे. भारतात तो दहा भाषांत आला, त्यांत मराठीही होती.

पवित्र प्रभाकर हा मूळचा २००४ च्या 'स्पायडरमॅन: इंडिया' या चार अंकी मालिकेतला. जीवन कांग यांची चित्रं. कोळ्याच्या दंशाऐवजी एक योगी त्याला शक्ती देतो, काका भीम, काकू माया, खलनायक नॉर्मन ऑसबॉर्नच्या जागी नलिन ओबेरॉय. पात्रांची नावं बदलून तीच गोष्ट, आणि मला ती तिथेच कमी पडलेली वाटते. चित्रपटाने पवित्रला स्वतःचा स्वभाव दिला, मुंबट्टन शहर दिलं, आणि त्या शहराची चित्रशैली घेतली इंद्रजाल कॉमिक्सवरून. टाइम्सची ती कॉमिक्स मराठीतही निघायची. एखाद्याच्या माळ्यावर जुना अंक निघाला तर बैठकीला मागवाच, रंग शेजारी ठेवून ताडता येतील.

आता खरा मुद्दा. या चित्रपटात मिगेल ओहारा, दुसऱ्या जगातला स्पायडरमॅन, सांगतो की काही घटना प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात घडल्याच पाहिजेत, नाहीतर ते विश्व कोसळतं. जवळचा पोलीस अधिकारी मरणं ही त्यातली एक. माइल्सचे वडील त्याच पदावर चढणार आहेत. माइल्स म्हणतो, मी ऐकणार नाही.

अध्यात्म रामायणात राम सीतेला वनात न्यायला नको म्हणतो. तेव्हा ती म्हणते, मी ब्राह्मणांकडून पुष्कळ रामायणं ऐकली आहेत, सीतेला सोडून राम वनात गेला असं त्यांतल्या एखाद्यात तरी आहे का? सगळ्या आवृत्त्यांत जे घडलं ते इथेही घडलंच पाहिजे, हा तिचा युक्तिवाद, आणि त्यावर ती स्वतःचा हक्क मिळवते. मिगेल तोच नियम वापरून दुसऱ्याचा हक्क हिरावतो. हे दोन युक्तिवाद समोरासमोर ठेवले तर चर्चा तासभर आटपणार नाही.

तिसवाडी

हे भारी आहे. पण मग आपल्याकडे मल्टिव्हर्स आधीपासून होतंच म्हणायचं का? पेडण्यात दशावतारात एकच आख्यान दर मंडळी निराळं रंगवते, संवाद तर रंगमंचावर ऐनवेळी होतात.

पेडण्याचा_सूत्रधार

नाही, एवढं सैल करू नये. दोन मंडळींचे दोन भीम एकाच रात्री एका रंगमंचावर येऊन एकमेकांना 'तू कोण' असं विचारत नाहीत. निरनिराळ्या आवृत्त्या असणं सगळीकडे असतं. आवृत्त्या एकमेकींना भेटल्या आणि त्या भेटीने काही बदललं, तर मल्टिव्हर्स. सीतेचं वाक्य म्हणूनच विलक्षण आहे, ती आपल्या कथेच्या आतून दुसऱ्या कथांकडे बोट दाखवते.

प्रत्यक्ष भेट हवी असेल तर योगवासिष्ठातलं लीलोपाख्यान काढा. पद्म राजा मरतो, राणी लीला सरस्वतीच्या कृपेने त्याचा शोध घेते, तर तो दुसऱ्या विश्वात विदूरथ नावाचा राजा झालेला आहे. आणि ते विश्व त्याच महालाच्या दालनात सामावलेलं. तिथे विदूरथाची राणी हुबेहूब लीलेसारखी, नावही लीलाच. दोन लीला समोरासमोर येतात. मराठी अनुवाद वाचनालयांत मिळतात, आख्यान आधी वाचून थोडक्यात सांगितलं तरी पुरे.

फोंडा_वाचनगट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' आणि 'सीक्रेट वॉर्स' या दोन्ही मोठ्या कथा घ्यायच्याच का? आणि दुसरं, सामाईक कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे. जुलैत पुस्तकांचं काय होईल याची धास्ती आहे.

कुळागर

कपाटाचं मी सांगतो. ते आधी भिंतीपासून हातभर पुढे ओढा. चिरा पाणी पितो, पावसात बाहेरची भिंत आतून गार पडते आणि कपाटाची पाठ दमट राहते. खालचा कप्पा रिकामा ठेवा, पुस्तकं जमिनीपासून निदान वीतभर वर.

कागदाला ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत हवा ८५ च्या वर असते, त्यामुळे खोली कोरडी करणं विसरा, डबा कोरडा करा. झाकणाला रबरी कड असलेला प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा घ्या, आत छोटं आर्द्रतामापक ठेवा, बाहेरून वाचता येईल असं. सिलिका जेल नारंगी दाण्यांचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, मुलांच्या हाताळण्यात नको. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास, गार झाल्यावर परत डब्यात. कापडी पिशवीत ठेवा, दाणे कागदाला टेकता कामा नयेत. डांबराच्या गोळ्या नकोत, वास कागदात मुरतो.

सुटे अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा, आणि उभे. हल्लीच्या अंकाचा आकार साधारण ६⅝ बाय १०¼ इंच, म्हणून पिशवी ६⅞ बाय १०½ ची मागवा. चिकटपट्टी पिशवीच्या मागच्या बाजूला लावा. अंक काढताना ती मुखपृष्ठाला लागली की रंगासकट कागद उचलते. जुन्या अंकांत आधी टाचण्या गंजतात, तिथून पान तपकिरी व्हायला लागतं. ते दिसलं की तो अंक बाकीच्यांतून वेगळा काढा.

जाड गुळगुळीत पानांच्या एकत्रित आवृत्त्यांना धोका जास्त. त्या कागदावर मातीचा लेप असतो. भिजून मिटलेल्या स्थितीत सुकला तर पानं एकमेकांना कायमची चिकटतात. पाणी लागलंच तर ओलं असतानाच पानांमध्ये बटर पेपर घाला आणि पंख्याखाली उभं उघडं ठेवा. लगेच जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, म्हणजे सवडीने एकेक भाग सोडवता येतो. सुकून चिकटलेली पानं ओढू नका.

चौकटीबाहेर

'क्रायसिस' घ्या, पण अख्खं नको. बारा अंक, १९८५-८६, मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ. डीसीच्या पन्नाशीला सगळ्या पृथ्व्या एकत्र करून एकच उरवायची, नव्या वाचकाचा गोंधळ संपवायचा, हा हेतू. अंक १, ७, ८ आणि ११ वाचा, मधलं तोंडी सांगा. सातव्यात सुपरगर्ल मरते, आठव्यात बॅरी ॲलन. म्हणजे ज्याने १९६१ मध्ये दार उघडलं तोच १९८५ मध्ये ते बंद करताना जातो. पहिल्या बैठकीतला बॅरी मुलांच्या लक्षात असेल, त्यामुळे वेगळं समजवावं लागणार नाही. छापील प्रतच हवी. पेरेझ एका पानात पन्नासेक पात्रं बसवतो, मोबाइलवर ती मुंग्यांएवढी दिसतात. डिजिटल घेणार असाल तर दहा इंचांच्या खालचा टॅबलेट नको.

आणि काय बिघडलं तेही सांगा. पृथ्वी एकच उरली, पण वेगवेगळ्या लेखकांनी आपापल्या पात्राची सुरुवात वेगवेगळ्या वेळी नव्याने लिहिली. हॉकमॅनचं उदाहरण घ्या. त्याची सुरुवात नव्याने सांगणारं 'हॉकवर्ल्ड' १९८९ मध्ये आलं, मग १९९० च्या मालिकेने ते वर्तमानात घडतंय असं ठरवलं. मग इतकी वर्षं जस्टिस लीगमध्ये जो हॉकमॅन होता तो कोण? त्याला उत्तरं शोधता शोधता पात्राचा चोथा झाला. सुपरबॉयचा इतिहास पुसला तर त्याच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या लीजन ऑफ सुपरहिरोज या संघाची स्थापनाच कोलमडली. एका बाजूने टाका उसवला की दुसरीकडे फाटतं, आणि २००७ पर्यंत डीसीने परत ५२ पृथ्व्या आणल्या.

मांडवी_१६१०

'सीक्रेट वॉर्स' २०१५, नऊ अंक, जोनाथन हिकमन आणि एसाद रिबिच. याची तयारी 'अव्हेंजर्स'चे ४४ आणि 'न्यू अव्हेंजर्स'चे ३३ अंक इतकी लांब आहे. सहा बैठकांत ते अशक्य, म्हणून 'न्यू अव्हेंजर्स'चे पहिले तीन अंक घ्या आणि थांबा. तिथे 'इनकर्जन'चा नियम येतो: दोन विश्वं एकमेकांत शिरतात, पृथ्वीपाशी टेकतात, आकाश लाल होतं, हातात आठ तास. दोनपैकी एक पृथ्वी नष्ट केली तर दोन्ही विश्वं वाचतात, नाहीतर दोन्ही जातात. रीड रिचर्ड्स, टोनी स्टार्क वगैरे शहाणी माणसं खोलीत बसून ठरवतात की परकी पृथ्वी मारायची का. स्टीव्ह रॉजर्स नाही म्हणतो, तर त्याची स्मृती पुसतात. तीन अंकांत एवढा तिढा पुरेसा आहे.

२०२२ च्या 'डॉक्टर स्ट्रेंज' चित्रपटात 'इनकर्जन' हा शब्द आला, आठ तास आणि निवड मात्र गेली. दुसऱ्या विश्वात वावरल्याने ते होतं एवढंच सांगितलं. घड्याळ काढलं की कोणाला काही ठरवावं लागत नाही, आणि ताण तिथेच सैल पडतो. पुढे 'सीक्रेट वॉर्स' नावाचाच चित्रपट जाहीर झालेला आहे, त्यात घड्याळ परत येतं का ते मुलांना बघायला सांगा.

शेवटच्या अंकातली एक छोटी जागा मात्र आवर्जून दाखवा. सगळी विश्वं संपल्यावर नवं विश्व घडवायची ताकद मॉलेक्यूल मॅनकडे आहे. भुकेल्या त्याला माइल्सने खिशातला शिळा बर्गर दिलेला असतो. त्याची परतफेड म्हणून माइल्स नव्या ६१६ मध्ये येतो, आई परत जिवंत, कुटुंब शाबूत.

फोंडा_वाचनगट

मस्त. मग पाच बैठका ठरल्याच. सहाव्या बैठकीला एकच सुटा अंक घ्यायचा असेल, चित्रपटाशिवाय, तर कुठला? आणि चित्रपट गटात दाखवता येतील का?

चौकटीबाहेर

ओटीटीचं खातं घरगुती वापरापुरतं असतं, सभागृहात लावायचं तर हक्कधारकाकडून वेगळा परवाना लागतो. सोपा मार्ग हाच की मुलांनी घरी पाहून यावं, बैठकीत फक्त बोलावं.

सहाव्यासाठी ग्रँट मॉरिसनच्या 'मल्टिव्हर्सिटी'मधला 'पॅक्स अमेरिकाना' घ्या, २०१४, चित्रं फ्रँक क्वाइटली. चार्लटन कंपनीच्या पात्रांची पृथ्वी. सुरुवातीलाच राष्ट्राध्यक्षाचा खून उलट्या क्रमाने घडतो, गोळी मागे जाते, जखम मिटते. कथाच पुढेमागे उड्या मारते. मुलांना तीन-तीनच्या गटात बसवा, प्रत्येक गटाला पानांच्या छायाप्रतींऐवजी प्रत द्या आणि घटना खऱ्या क्रमाने कागदावर लिहून काढायला सांगा. दीड तास सहज जाईल. जितके गट तितक्या प्रती लागतील, आताच मागवा, कुरियर पावसात रेंगाळतात.